काढणीत सापडलेले सशाचे पिलू



सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की पुसद, दिग्रस, महागाव भागातून आम्हाला कीड-रोगांव्यतिरिक्त आणखी एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो. वावरात सशाचे पिलू सापडले, आता काय करावे? कधी विळ्याच्या टोकाने पाय कापला गेलेला असतो, कधी राखणीच्या कुत्र्याने तोंडात धरून आणलेले असते, तर बऱ्याच वेळा पिलाला काहीच झालेले नसते; ते फक्त एकटे असते, म्हणून कोणीतरी दयेपोटी उचललेले असते. प्रस्तुत लेखकाचा विषय कृषिविद्या आहे, पशुवैद्यक नाही. तरीही हा विषय येथे घेण्याचे कारण असे की ही पिले जखमी होतात ती बहुधा आपल्या शेतीकामात, आणि त्यांच्यापैकी कित्येक मरतात ती जखमेने नव्हे, तर आपण केलेल्या उपचाराने.

काही वर्षांपूर्वी पूस नदीकाठच्या एका गावात सोयाबीनचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी गेलो असता एका शेतकरी भावाच्या मुलाने टोपलीत झाकलेले पिलू दाखविले. अंगावर एक ओरखडा नव्हता. "सर, याले गाईचं दूध देऊ का?" असे त्याने विचारले. "थोडे पाणी घालून पातळ करून दे," असे सांगून मी उत्पादनाचे आकडे लिहून घेऊ लागलो. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन आला. पिलाचे पोट फुगले होते, हगवण लागली होती आणि रात्री ते गेले. पोराने कापसाच्या वातीने दर दोन तासांनी दूध पाजले होते. त्याने काही कमी केले नाही. चूक सल्ल्यात होती. त्यानंतर पशुवैद्यक सहकाऱ्यांना विचारून जे समजले, ते पुढे देत आहे.

प्रथम ओळख

आपल्याकडे १९९० च्या आसपास ससेपालनाचा बराच प्रसार झाला. न्यूझीलंड व्हाईट, सोव्हिएत चिंचिला या जातींचे ससे अनेकांनी पाळले, आणि त्या अनुभवावरून रानातल्या सशाचीही देखभाल तशीच करावयाची असा समज झाला. प्रत्यक्षात हे दोन प्राणी वेगळे आहेत. पाळीव सशाचे मूळ युरोपातील बिळात राहणाऱ्या सशात आहे. त्याची पिले उघडी-नागडी व डोळे मिटलेली जन्मतात आणि सुरुवातीचे दिवस मादीने केस उपटून केलेल्या घरट्यात काढतात. आपल्या वावरातला ससा, ज्याचे शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकॉलिस आहे, बीळ करीत नाही. गवताच्या किंवा पिकाच्या आडोशाला जमिनीवर एक उथळ खळगा करून तो त्यात दिवसभर बसतो. त्याची पिले जन्मतःच अंगभर केस असलेली व डोळे उघडे असलेली असतात. एका वेतात बहुधा एक किंवा दोनच पिले असतात.

तेव्हा तळहातावर मावणारे, पण अंगावर दाट मातकट केस व टपोरे उघडे डोळे असलेले पिलू दिसले तर ते दोन-चार दिवसांचेही असू शकते. आकार लहान, पण दिसायला पूर्ण ससा, यामुळे कोणी त्याला मोठे समजून गवत टाकतात, तर कोणी लहान समजून दूध पाजतात. दोन्ही घाईचे आहे.

एकटे म्हणजे पोरके नव्हे

पिले जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत एकमेकांपासून दूर होऊन वेगवेगळ्या जागी दबून बसतात. मादीही त्यांच्याजवळ थांबत नाही. ती जवळ असली तर तिच्या वासाने कोल्हा, रानमांजर, कुत्रे तेथे येतील. युरोपातील सशांवर झालेल्या निरीक्षणांत असे दिसले आहे की मादी पिलांना दिवसातून बहुधा एकदाच, सूर्य मावळल्यानंतर, काही मिनिटेच पाजते. पिले त्या वेळी ठरलेल्या जागी जमतात, पोटभर पितात आणि पुन्हा पांगतात. आपला ससाही दिवसा दडून राहणारा व संध्याकाळनंतर हिंडणारा आहे. म्हणून सकाळी नऊ वाजता वावरात पिलू एकटे दिसणे हीच त्याची रीत आहे. ते पळत नाही, हात लावला तरी हलत नाही, कान पाठीला चिकटवून गप्प बसते. याला आपण 'अशक्त झाले' म्हणतो. पण दबून बसणे हेच त्याच्या वयात त्याचे संरक्षण आहे.

असे पिलू सापडल्यास प्रथम थोडे दूर उभे राहून पाहावे. रक्त, लटकणारा पाय, एका कुशीवर पडून राहणे, अंगावर माशा बसणे किंवा तांदळाच्या कण्यांसारखी माशांची अंडी चिकटलेली असणे, अंग गार पडणे, सतत ओरडणे यांपैकी काहीच नसेल तर त्याला तेथेच राहू द्यावे. त्या ठिकाणचे पीक कापणे भागच असेल तर हातावर त्याच शेतातले गवत किंवा पाला घेऊन पिलू अलगद उचलावे आणि जवळच्या जवळ, शक्यतो पन्नास पावलांच्या आत, धुऱ्यावरील गवतात किंवा न कापलेल्या पिकात ठेवावे. ज्यांनी सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घेतले आहे त्यांच्याकडे ही सोय आपोआप होते. सोयाबीन निघाले तरी तुरीच्या ओळी पुढे दोन-तीन महिने उभ्या असतात. पिलासाठी याहून चांगला आडोसा शोधून सापडणार नाही.

माणसाचा हात लागला की मादी पिलाला घेत नाही, असे सर्वत्र सांगितले जाते. या समजुतीमुळे पुष्कळ पिले विनाकारण घरी जातात. एकदा हात लागला म्हणून मादी पिलू टाकून देते असे समजण्याचे कारण नाही. पिलू घरी आणून काही तास झाले असतील तरी त्याच दिवशी मावळतीपूर्वी ते मूळ जागी नेऊन ठेवता येते. फक्त तेथे उभे राहून वाट पाहू नये. आपण आसपास असेपर्यंत मादी येणार नाही. त्या रात्री राखणीचे कुत्रे बांधून ठेवावे.

जखमी असेल तर

येथे मात्र थांबून चालत नाही, आणि गडबड करूनही चालत नाही. सशाच्या जातीला भीतीनेच मोठा धक्का बसतो. जखम किरकोळ असतानाही गोंगाट, गर्दी, मुलांची हाताळणी व फोटो काढण्याची हौस यांनी पिलू दगावते. म्हणून पहिला उपचार अंधार व शांतता हा आहे.

उचलताना कान धरून कधीही उचलू नये. एक हात छातीखाली व दुसरा मागच्या पायांखाली घेऊन, सुती फडक्यात गुंडाळून उचलावे. सशाच्या मागच्या पायांत अतिशय जोर असतो. ते मोकळे राहिले आणि त्याने झटका दिला तर स्वतःच्याच जोराने त्याच्या पाठीचा कणा मोडू शकतो.

ठेवण्यासाठी झाकणाचे पुठ्ठ्याचे खोके घ्यावे, बाजूंना हवेसाठी भोके पाडावीत व खाली जुने सुती कापड अंथरावे. तारेचा पिंजरा नको. त्यात ससा धडका मारून नाक-तोंड फोडून घेतो. खोक्याबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. वावरात हाताशी जे खोके असते ते बहुतेक वेळा कीटकनाशकाचे असते. ते कितीही झटकले तरी वापरू नये. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात धडधाकट माणसे दगावली. मुठीएवढ्या पिलाची काय कथा. तशीच खबरदारी गोचीड-पिसवांच्या औषधाबाबत घ्यावी. फिप्रोनिल हे कीटकनाशक आपण पिकावर वापरतो आणि कुत्र्यांच्या पिसवांवरही ते मिळते. सशाला ते विषारी आहे. पिलाच्या अंगावर गोचीड दिसली तरी घरातले कोणतेही औषध लावू नये. गोचीड डॉक्टरांना काढू द्यावी.

पिलाचे कान व पोट हाताला गार लागत असेल तर ऊब द्यावी. बाटलीत कोमट पाणी भरून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे नको असल्यास पिलाला दुसऱ्या बाजूला सरकता येते. हे पावसाळ्यातील व रब्बीतील रात्रीचे झाले. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये, उन्हाळी भुईमुगाच्या वेळी सापडलेल्या पिलाला ऊब देण्याची नव्हे, सावलीची व वाऱ्याची गरज असते. पत्र्याच्या खोलीत खोके ठेवल्यास ते आतल्या आत भाजून निघेल.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे सारखे दाबून धरावे. मधूनच उचलून पाहू नये. जखमेत माती गेली असेल तर अर्धा लिटर पाणी उकळून, त्यात सपाट चमचाभर मीठ विरघळवून, ते कोमट झाल्यावर त्याने जखम धुवावी. एवढेच. गुराच्या जखमेत अळ्या पडल्या की आपण टर्पेंटाइन किंवा फिनेल घालतो, हळद भरतो, कोणी चुना लावतो. गुराचे कातडे व वजन वेगळे. पिलाला यातले काहीही लावू नये. ते अंग चाटते व सर्व पोटात जाते. मोडलेल्या पायाला काडी बांधण्याचा प्रयत्नही करू नये. खोक्यात कमी जागा ठेवली की हालचाल आपोआप कमी होते.

कुत्र्याने किंवा मांजराने धरलेले पिलू वरून ठीक दिसले तरी ते जखमीच समजावे. मांजराच्या सुळ्यांची छिद्रे केसांत दिसत नाहीत, पण त्यांतून शिरलेल्या जंतूंनी एक-दोन दिवसांत पिलू मरते. त्याला प्रतिजैविक लागते आणि ते पशुवैद्यकानेच द्यावयाचे असते. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनची कॅप्सूल फोडून चिमूटभर पाजल्याची उदाहरणे मला सांगण्यात आली आहेत. सशाच्या आतड्यात चारा पचविणाऱ्या उपयुक्त जंतूंची वस्ती असते. पेनिसिलीन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास ती वस्ती उद्ध्वस्त होते, घातक जंतू माजतात आणि ससा हगवणीने मरतो. माणसाला चालणारे औषध सशाला चालतेच असे नाही, हे पाळीव ससे असणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

पिलू हाताळताना हातमोजे किंवा जाड फडके वापरावे व नंतर हात साबणाने धुवावेत. चावा किंवा ओरखडा बसल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांना दाखवावी, विशेषतः पिलू कुत्र्याच्या तोंडातून सोडविलेले असेल तर. ज्यांच्याकडे पाळीव ससे आहेत त्यांनी रानातील पिलू त्यांच्या पिंजऱ्याजवळ नेऊ नये. रोग दोन्ही बाजूंनी जातो.

दुधाचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाईच्या दुधात स्निग्धांश साधारण ३.५ ते ४ टक्के, प्रथिने ३ ते ३.५ टक्के आणि दुग्धशर्करा ४.५ ते ५ टक्के असते. सशाच्या दुधात स्निग्धांश व प्रथिने दोन्ही १० टक्क्यांच्या वर असतात आणि दुग्धशर्करा मात्र २ टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच दिवसातून एकदा पिऊन पिलाचे भागते. गाईचे दूध पाजले की त्याला हवे ते मिळत नाही आणि नको ती साखर मिळते. ती न पचता आतड्यात आंबते, पोट फुगते व हगवण लागते. पाणी घातल्याने दूध हलके होत नाही, फक्त आणखी निःसत्त्व होते. म्हशीचे दूध दाट असते, पण त्यातही दुग्धशर्करा गाईच्या दुधाएवढीच असते. साखर घालणे तर दुप्पट चूक.

मग काय द्यावे? पहिल्या रात्री काहीच नाही, हे उत्तर ऐकून पुष्कळांना वाईट वाटते. पण जे पिलू निसर्गतः चोवीस तासांत एकदा पिते, ते एक रात्र दुधावाचून मरत नाही. गार पडलेल्या पिलाच्या पोटात दूध घातले तर ते पचत नाही. निजलेल्या किंवा उताण्या पिलाला पाजले तर दूध श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. त्या रात्री ऊब आणि अंधार यांची किंमत दुधापेक्षा जास्त आहे.

दुसऱ्या दिवशीही मदत मिळण्यासारखी नसेल, तर पशुवैद्यकांना विचारून मांजराच्या पिलांसाठी मिळणारी दुधाची भुकटी कोमट पाण्यात कालवून द्यावी. ती कमी दुग्धशर्करेची असते, पण पुसदमध्ये सहज मिळेलच असे नाही. बहुधा नागपूर-अकोल्याहून मागवावी लागते. तीही नसेल तर निरुपाय म्हणून शेळीचे दूध उकळून कोमट करून द्यावे. सुई काढलेल्या १ मिलीच्या सिरिंजने, पिलाला पायांवर बसते ठेवून, ओठाच्या कडेला थेंब सोडावा व गिळल्यानंतरच दुसरा द्यावा. शंभर ग्रॅम वजनाच्या पिलाला एका वेळी ५ मिलीपेक्षा जास्त देऊ नये व दिवसातून दोनच वेळा द्यावे. दर दोन तासांनी पाजणे ही माणसाच्या बाळाची पद्धत झाली. दोन-तीन आठवड्यांचे पिलू गवत कुरतडू लागते. त्याला न फवारलेल्या जागेची ताजी हरळी द्यावी. तणनाशक मारलेल्या धुऱ्यावरची नको.

कोणाला कळवावे

ससा हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित प्राणी आहे. त्याला फासे लावणे, मारणे हा गुन्हा आहे, आणि लळा लागला म्हणून घरी पाळणे हेही कायद्यात बसत नाही. जखमी पिलू उचलल्यास त्याच दिवशी वनविभागाला कळवावे. पुसद येथे उपवनसंरक्षकांचे कार्यालय आहे. गावच्या वनरक्षकामार्फतही निरोप देता येतो. राज्याच्या वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. पहिला उपचार बहुधा तालुक्याच्या पशुवैद्यकीय चिकित्सालयातच होतो. गंभीर प्रकरणांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्स येथे २०१५ पासून वनविभागाचे वन्यप्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, पण दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास पिलाला झेपेल की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. पिलू कोठे सापडले ती जागा नेमकी सांगावी. बरे झाल्यावर त्याला त्याच शिवारात, मावळतीच्या वेळी सोडता येते.

काही शेतकरी विचारतील की जो ससा आमचा हरभरा खातो त्याच्यासाठी एवढा खटाटोप का? कोवळा हरभरा व सोयाबीनचे रोप ससा कुरतडतो, हे खरेच आहे. पण आपल्या भागात रोही आणि रानडुक्कर एका रात्रीत जे करतात त्यापुढे सशाचे खाणे फारच थोडे आहे. आणि कापले गेलेले पिलू हा पीकसंरक्षणाचा उपाय नाही; तो काढणीतला अपघात आहे आणि तो बराचसा टाळता येतो.

काढणीची पद्धत बदलून पाहा

हार्वेस्टर लावला की आपण वावराच्या कडेने फेरे सुरू करतो व आत-आत येतो. यंत्राच्या आवाजाने मोठे ससे, लावे, तितर मधल्या उभ्या पिकात सरकत जातात. शेवटच्या पट्ट्यात सगळे कोंडले जातात आणि तेथून पळाले तर चारी बाजूंना मोकळे रान. त्याऐवजी वळण्यापुरते दोन्ही टोकांना कापून घेऊन मधून बाहेर, किंवा धुऱ्याच्या विरुद्ध बाजूने धुऱ्याकडे अशी काढणी करावी. डिझेलमध्ये फारसा फरक पडत नाही, चालकाला मात्र आधी समजावून सांगावे लागते. घाईचे दिवस असल्याने तो कुरकुरतो. मालकाने बांधावर उभे राहिल्यास ऐकतो.

याने मोठा ससा वाचतो, पण पिलू वाचत नाही, कारण ते पळतच नाही. त्यासाठी यंत्रापुढे माणूसच चालावा लागतो. काढणीच्या सकाळी दोन गड्यांनी काठीने पीक बाजूला सारीत ओळींमधून एक फेरी मारावी. पिलू दिसल्यास वर सांगितल्याप्रमाणे धुऱ्यावर किंवा तुरीत ठेवावे. गव्हात कात्री थोडी उंच ठेवली तर दबून बसलेल्या पिलावरून ती निघून जाऊ शकते. सोयाबीनमध्ये हा सल्ला मी देणार नाही. खालच्या शेंगा जमिनीलगत असतात आणि कात्री उंचावली की त्या वावरातच राहतात. तेथे माणसाची फेरी हाच उपाय. विळ्याने सोंगणी करणाऱ्या बाया पिकाच्या अगदी जवळ असतात. त्यांना सकाळीच सांगून ठेवले तर डाव्या हाताने मूठ धरण्यापूर्वी त्या बुडखा पाहतात. पुसद परिसरातील ज्या दोन-तीन वावरांत मी हे पाहिले, तेथे दिवसाच्या कामात अर्ध्या तासापेक्षा जास्त खोळंबा झाला नाही.

मळणीपूर्वी रचलेल्या गंजीच्या बुडाशीही पिले येऊन बसतात. गंजी दोन-चार दिवस पडून असेल तर मळणी यंत्र सुरू करण्याआधी खालचा थर हाताने उचलून पाहावा. धुरे पेटविण्याची सवय तर सोडलेलीच बरी, पण ज्यांना धुरा साफ करावयाचा आहे त्यांनी गवत कापून काढावे आणि एका वर्षी एकच बाजू घ्यावी, म्हणजे दुसऱ्या बाजूला बसायला जागा राहते.